तपकिरी रंगाचं बारसं

प्रेमराज ओट्यावर कोयत्याला धार लावायला बसला, की सुलक्षणा आत शेगडीवर मेण ठेवायची. दीड महिना हे असंच चाललं होतं. बाहेर कोयता दगडावर खरखर घासला जायचा आणि आत पातेल्यात मेण वितळायचं. नवीन माणसाला वाटलं असतं की नवराबायकोचा काहीतरी मिळून धंदा आहे. धंदा एकटीचा होता. ती पोरांचे रंगखडू बनवत होती, आणि तो एका माणसाला मारायची तयारी करत होता.

तो माणूस म्हणजे गिरधर. सावद्याच्या शिवारात दोघांचा बांधाला बांध. दसरा होऊन चार दिवस झाले नसतील, प्रेमराज सकाळी शेतात गेला तर बाग उभी नव्हती. निसवलेली केळी, घड भरत आलेले, आणि रात्रीतून कुणीतरी एकेक खोड कमरेतून उडवलं होतं. केळीचं खोड म्हणजे आत नुसतं पाणी. एका घावात आडवं होतं, ओरडतसुद्धा नाही. आणि केळीला जन्मात घड येतो एकच, तो असा कोवळा कापला की संपलं. सुलक्षणा मागून भाकर घेऊन पोहोचली तेव्हा प्रेमराज चिखलात बसला होता. मांडीवर एक कोवळा घड घेतला होता आणि चहूकडे खोडांतून चीक अजून गळत होता. तिनं हाक मारली तर त्यानं वर पाहिलं. ते डोळे तिच्या नवऱ्याचे नव्हते.

पोलिसांनी अज्ञात इसम असं लिहून घेतलं. प्रेमराजला त्यात अज्ञात काहीच नव्हतं. उन्हाळ्यात पाण्याच्या पाइपावरून भांडण झालं तेव्हा गिरधर चार लोकांदेखत बोलला होता, "तुही बाग कशी उभी राह्यते ते पाह्यतोच." आता भांडणात माणूस काय बोलत नाही? पण हे प्रेमराजला कोण सांगणार! त्याच आठवड्यात वजनकाट्यावर दोघं समोरासमोर आले आणि अर्ध्या सावद्यानं तमाशा पाहिला. प्रेमराजनं ट्रकाचा पाना काढून गिरधरच्या तोंडावर हाणला. गिरधरचे पुढचे दोन दात तिथंच मातीत पडले. गिरधरनंही बांगड्या भरल्या नव्हत्या, त्यानं प्रेमराजची भुवई दगडानं फोडली. हमालांनी दोघांना ओढून वेगळं केलं, तेव्हा प्रेमराज रक्त पुसत म्हणाला, "ज्या दिवशी तुहे घड ट्रकात चढतीन ना, त्या दिवशी तुहा उजवा हात खांद्यापासून उतरवतो. समदे ऐकून ठेवा."

हे त्यानं मग बाजारात सांगितलं, मारुतीच्या पारावर सांगितलं, जेवताना ताटावर सांगितलं. बोलल्याप्रमाणे वागणारा नवरा मिळावा म्हणून सुलक्षणाच्या आईनं सोळा सोमवार करवले होते. मिळाला होता तसाच, आणि आता त्याच गुणाची तिला धास्ती होती. हात तोडलेला माणूस शेतात एकटा पडला तर तासाभरात मरतो, हे तिला कळत होतं. गिरधर मेला की प्रेमराज फासावर नाही तर जन्मभर आत. एवढंच तिच्या डोक्यात होतं: नवऱ्याच्या हातून खून होऊ द्यायचा नाही. बाकी बाग गेली ती गेली.

रंगखडूंचं काम तिचं जुनं. अंगणवाडीत वाटायला म्हणून शेजारच्या हुस्नबानोबरोबर तिनं ते सुरू केलं. हुस्नबानोच्या घरी पत्र्याचं काम. तिनं पितळी नळ्यांचा साचा करून आणला. मेण वितळवायचं, रंगाची पूड घोटायची, साच्यात ओतायचं आणि साचा पाण्यात ठेवायचा. खडू टपाटप सुटून येतात. मग जळगावच्या भाईदासशेठ नावाच्या दुकानदारानं बारा नव्या रंगांची पेटी मागितली. वर म्हणाला, "ताई, लाल-हिरवा नको. नावं अशी ठेवा की पोरानं रंगाआधी नाव मागितलं पाहिजे."

नाव ठेवायचं म्हटल्यावर गल्लीतल्या सुंदरअक्का उठून बसल्या. म्हातारीला ऐकू कमी येतं, पण हे बरोबर ऐकू आलं. "नाव असं चालता चालता ठेवतेत का? पाळणा बांधा! आत्या बोलवा!"

आणि खरंच, थट्टाथट्टेत रीत पडून गेली. नवा रंग साच्यातून निघाला की बाया जमायच्या. पहिला खडू चिंधीत गुंडाळून झोळीत घालायचा, झोळी हलवायची, घुगऱ्या वाटायच्या. खडू सुलक्षणाचा, म्हणजे आत्या तिची नणंद. ती ज्योती, प्रेमराजची धाकटी बहीण, धुळ्याकडे दिलेली, सध्या माहेरी आली होती. भावाची बाग गेली म्हणून मदतीला आले म्हणाली. बाळाला आत्यानं कुंची आणायची असते, म्हणून चिंधी दर वेळी ज्योतीच आणायची. वाकून झोळीत तोंड घालून कुर्रर्र करायची आणि नाव सांगायची. नाव सांगितलं की बाकीच्या बायांनी आत्याच्या पाठीत दणादण बुक्क्या घालायच्या, हीसुद्धा बारशाची रीतच. ज्योती जोरानं किंचाळायची, "मेली वं माय!" डोळ्यांत पाणी येईस्तोवर किंचाळायची, आणि बाया पोट धरधरून हसायच्या. सगळ्यात जोरात बुक्की सुलक्षणाची असायची. नणंदेच्या पाठीत हक्कानं मारायला मिळतंय, ते कोण सोडेल!

पण नावं काय एकेक निघाली! पिवळ्याचं नाव 'दिल्लीचा पिवळा', कारण सावद्याची केळी इथून हिरवी जाते आणि पिवळी होते ती तिकडे, तो रंग खुद्द सावद्याला दिसतच नाही. काळसर जांभळा 'निखाऱ्यावरचं वांगं'. तांबडा 'शेवभाजीचा तवंग'. निळा 'ताडपत्रीखालची दुपार', हे हुस्नबानोनं सुचवलं. कोवळा हिरवा 'न उलगडलेलं पान'. गुलाबीचं नाव ज्योतीनं तिच्या सासरच्या कपाशीवरून ठेवलं, 'कपाशीचं दुसऱ्या दिवसाचं फूल', कारण ते फूल पहिल्या दिवशी पिवळट असतं आणि दुसऱ्या दिवशी लाजतं. एका भडक लालला सुंदरअक्कांनी नाव दिलं 'कानाखालचा लाल'. भाईदासशेठला फोनवर सांगितलं तर तो हसता हसता खोकायला लागला.

अकरा झाले. बारावा तपकिरी करायचा ठरला. सुलक्षणानं प्रेमराजचे केळीचे कपडे समोर टांगले आणि त्या डागाबरहुकूम रंग घोटायला बसली. केळीच्या कामाचे कपडे सावद्यात वेगळे असतात, फाटेपर्यंत तेच. कारण केळीचा चीक. उडतो तेव्हा पाण्यासारखा, दिसतच नाही. वाळला की तपकिरी, धुतला की आणखी गडद, मग कापड जाईल पण डाग जाणार नाही. सावद्यातलं शेंबडं पोरगंसुद्धा चांगला सदरा घालून केळीत शिरत नाही.

सुलक्षणानं पूड घोटून थेंबभर मेण कागदावर टाकलं. "जमला का हो ताई?"

ज्योतीनं पाहिलं. "हुबेहूब शे," म्हणाली, आणि तिच्या हातातला चमचा खाली पडला. इतक्या वर्षांत तिच्या तोंडी धुळ्याकडची बोली बसली होती, त्यावरून तिला सगळे चिडवायचे. आज सुलक्षणानं चिडवलं नाही. नणंदेचा चेहरा पिठासारखा पडला होता.

"काय झालं?"

"काही नही. धूर लागना."

मेणाला धूर नव्हता. पण सुलक्षणाच्या डोक्यात त्या वेळी दुसरंच होतं, तिनं लक्ष दिलं नाही. गिरधरची बाग कापायला आली होती. ट्रक गुरुवारचा ठरला होता, गल्लीच्या तोंडाशी भरणार होता.

तिनं बारसंही गुरुवारीच ठेवलं, मुद्दाम. घर बायांनी भरलेलं असलं तर कोयता घेऊन बाहेर पडायची लाज वाटेल, असा तिचा हिशेब. शिवाय ज्योतीला न्यायला तिचा नवरा तोताराम त्याच दिवशी यायचा होता. घरचा जावई, मोठा माणूस, तो तरी चार शब्द समजुतीचे सांगेल. बिचारीला काय माहीत!

गुरुवारी सकाळी प्रेमराजनं खुंटीवरचा कोयता काढला तर पातं दिसेना. सुलक्षणानं पहाटेच कोयता तांबड्या मेणात बुडवून काढला होता. पात्यावर बोटभर जाड 'शेवभाजीचा तवंग' बसला होता.

"हे कोनी केलं?"

"मी."

त्यानं खाडकन तिच्या कानाखाली मारली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, त्याचा हात कधी उठला नव्हता. सुलक्षणा भिंतीवर आदळली. कानात शिट्टी वाजली. मग तिनंही मागचापुढचा विचार केला नाही, शेगडीवरच्या पातेल्यातला डाव उचलला आणि उकळतं मेण त्याच्या डाव्या मनगटावर फेकलं. तो गुरासारखा ओरडला. मेण कातडीवर बसल्या बसल्या थिजलं.

"जा आता," ती म्हणाली. "जाऊन माणूस काप. अन् फासावर जा. मी मागं रडणार नाही, सांगून ठेवते."

त्यानं मनगटावरचं मेण ओरबाडलं, त्याबरोबर साल निघाली. तो ओट्यावर गेला. थोड्या वेळानं दगडावर कोयत्याची खरखर पुन्हा सुरू झाली.

दुपारी बाया आल्या. सुंदरअक्का सगळ्यांत आधी, घुगऱ्यांच्या वासावर. हुस्नबानो आली, गल्लीतल्या पाचसहा जणी आल्या. प्रेमराज ओट्यावर होता तसाच. गल्लीच्या तोंडाशी गिरधरचा ट्रक लागला होता. घड चढत होते, हमालांचे आवाज येत होते. शेवटचा घड चढला की आपण उठायचं, असं प्रेमराजनं ठरवलं असावं. सुलक्षणाचा सगळा जीव त्या ट्रककडे होता.

तेवढ्यात तोताराम आला. उंच, गोरा, कडक इस्त्रीचा, बोलायला गोड. प्रेमराजनं कोयता बाजूला ठेवून त्याला पाणी दिलं, पानसुपारी दिली. दोघं ओट्यावर बसले. मधली गजांची खिडकी उघडी होती, त्यामुळे बाहेरचा शब्द न् शब्द आत ऐकू येत होता. आता जावईबापू समजावतील म्हणून सुलक्षणा झोळी बांधता बांधता कान देऊन उभी राहिली.

"हात तोडीसन काय व्हई, प्रेमराजभाऊ?" तोताराम म्हणत होता. "हात तोडा तर तो कोर्टात उभा राही. मुंडकं उतारा. मनी बाग राहती ना, तर मी दीड महिना धार लावत नही बसतू."

सुलक्षणाचे हात झोळीच्या दोरीवर तसेच राहिले. तिला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"लोक हसतस तुमले," तोताराम म्हणाला. "म्हणतस, प्रेमराजना कोयता नुसता दगडवरच चालस."

बाहेर प्रेमराज उठून उभा राहिला. सुलक्षणा दाराकडे धावणार, एवढ्यात ज्योती मागून म्हणाली, "वहिनी, झोळी हलवा. नाव मी ठेवस. आत्ताच."

तिचा आवाज इतका चढलेला होता की सगळ्या बाया वळल्या. ज्योती रीतीप्रमाणे कुंची घेऊन आली होती. रोज ती रंगीत चिंधी आणायची, आज पांढऱ्या टेरिकॉटचा तुकडा होता. कुणाच्या तरी चांगल्या सदऱ्याचा कापलेला खिसा होता तो. तपकिरी खडू तिनं त्यात गुंडाळला, झोळीत ठेवला, वाकली. कुर्रर्र केलं. मग ओट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"मना नवराना सदरावरला चीक!"

बाया हसल्या. हेही एक गमतीचं नाव, जावयाची थट्टा. सवयीनं सगळ्या पुढं झाल्या आणि ज्योतीच्या पाठीत बुक्क्या पडल्या. सुलक्षणाचीही पडली, हात आपसूक उठला. ज्योती किंचाळली नाही. वाकलेली होती तशी सरळ झाली आणि झोळीतून ती चिंधी काढून तिनं सगळ्यांपुढे धरली. पांढऱ्या कापडावर तपकिरी डागांचा सडा होता, आणि वर ठेवलेला खडू त्याच रंगाचा.

सावद्याच्या बाया होत्या त्या. त्यांना तो डाग सांगावा लागत नाही. हसू जागच्या जागी थिजलं. फक्त सुंदरअक्कांना काही कळलं नव्हतं, त्या आणखी एक बुक्की घालत होत्या. हुस्नबानोनं त्यांचा हात धरला.

"भाऊनी बाग यानी कापी," ज्योती म्हणाली. "गिरधरभाऊनी नही."

मग ती भडाभडा बोलत सुटली. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा तिनं उन्हाळ्यात भावाच्या नावे सोडून दिला, कागदावर सही केली. नवऱ्याला न विचारता केली. तोतारामच्या डोक्यात तेव्हापासून राख. दसऱ्यानंतर तो रावेरकडे साखरपुड्याला गेला, पांढरा सदरा घालून. परत येताना दोन माणसं बरोबर घेतली आणि रात्री बाग आडवी केली. कपाशीतला माणूस, चिकाचं काय ठाऊक! अंगावर पाणी उडालं समजून तोच सदरा त्यानं धुवायला टाकला. धुताना डाग फुलून आले आणि ज्योती बघतच राहिली. "हा केळीना चीक शे," ती बोलून गेली. माहेरची ओळख तिच्या जिभेवर आधी आली. तेव्हापासून त्यानं ठिबकच्या नळीनं तिला वरचेवर बडवली आणि दहा-बारा दिवसांमागं वर स्वतःच माहेरी पाठवली, भावाच्या दुःखात बहीण गेली नाही तर लोक संशय घेतील म्हणून. तोंड उघडलं तर सासरच्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही, हेही बजावलं.

हे सगळं सांगून व्हायच्या आत तोताराम घरात शिरला. हीच त्याची चूक झाली. पळून गेला असता तर वाचला असता. पण बायकोच्या तोंडावर हात ठेवायची त्याला वर्षानुवर्षांची सवय. धाडकन आत आला, ज्योतीचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं खांबावर आपटलं.

"रांड, जीभ उपटी टाकसू तुनी!"

सुलक्षणानं एक केलं. दार लावलं आणि आतून कडी घातली. तोताराम आत, प्रेमराज बाहेर.

बाहेर प्रेमराजला आता कुठं कळलं होतं. आधी तो नुसता ओरडला. मग कोयता दारावर बसला.

आणि आत बाया तुटून पडल्या. कुणी ठरवलं नाही. बारशाला उठलेले हात होते, ते अजून खाली आलेच नव्हते. आता ते खेळातले राहिले नाहीत. पाठीत, तोंडात, बरगडीत, जिथं लागेल तिथं. तोतारामनं एकीला ढकलून दिलं, दुसरीच्या पोटात लाथ घातली. हुस्नबानोनं त्याच्या गुडघ्यावर साचा हाणला, तो पितळेचा आणि चांगला वजनदार. तोताराम घुगऱ्यांच्या पातेल्यात पडला. नाकातून रक्ताची धार लागली, ओठ फाटला. सुंदरअक्कांना एव्हाना सगळं समजलं होतं. त्या त्याच्या छातीवर बसल्या आणि थकेपर्यंत थोबाडीत देत राहिल्या. "आमची पोरगी मारतो? आमची केळी कापतो?"

सुलक्षणा दाराला पाठ लावून उभी होती. प्रत्येक घाव तिच्या मणक्यात बसत होता.

"दार उघड! सुलक्षणे, दार उघड, नाही तर तुलेबी कापतो!"

"काप!" ती ओरडली. "आधी मला काप, मग त्याच्याकडं जा!"

फळी फुटली. कोयत्याचं टोक तिच्या कानाजवळून आत आलं, गालाला लागलं. ऊन ऊन रक्त मानेवर उतरलं. ती हलली नाही. हा माणूस आत आला तर एक मुडदा पडणार होता, आणि तो पडला असता तर ज्योती विधवा आणि आपण जिवंतपणी विधवा, एवढं एकच तिला दिसत होतं. कोयता उपसला गेला. पुढचा घाव डोक्यात बसणार म्हणून तिनं डोळे मिटले.

घाव आला नाही. बाहेर धपकन काहीतरी पडलं, मग झटापटीचा आवाज, मग एक ओळखीचा आवाज, पुढचे दोन दात नसल्यानं फुसफुसणारा.

"बायको मारतो का रे? माह्याशी लढ!"

गिरधर होता. ट्रकावरून त्यानं पाहिलं, की प्रेमराज स्वतःच्या घराच्या दारावर कोयता चालवतोय आणि आत बायका किंचाळताहेत. तो घड टाकून धावत आला आणि त्यानं मागून प्रेमराजला कवळा घातला. आपला हात उतरवायला निघालेला माणूस हाच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही आला. हमालांनी कोयता काढून घेतला. गिरधरनं प्रेमराजला ओट्यावर उताणा पाडला आणि तोंडावर एक ठोसा असा दिला की भुवईची जुनी जखम पुन्हा फुटली.

"हा माह्या दातांचा," तो धापा टाकत म्हणाला. "आता सांग, काय झालं?"

सुलक्षणानं दार उघडून सांगितलं. प्रेमराज रक्तानं भरलेल्या तोंडानं पडल्या पडल्या ऐकत होता. मग तो उठून बसला, गिरधरचे पाय धरायला वाकला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. गिरधरनं पाय मागं घेतले. "पाय नको धरू. माह्यावर दीड महिना धार लावली तू," एवढंच म्हणाला आणि ट्रककडे निघून गेला. त्याची केळी उन्हात होती.

तोतारामला बायांनी झोळीच्याच दोरीनं खांबाला बांधून ठेवलं. पोलीस येईपर्यंत हुस्नबानो मेणाचा डाव घेऊन समोर बसली होती. "हिलना मत, पाहुणे. गरम आहे." तो हलला नाही. जीपमध्ये घालताना ज्योती त्याच्याजवळ गेली. सगळ्यांना वाटलं, आता ही रडणार, पदर पसरणार. ती त्याच्या कानाशी वाकली, कुर्रर्र केलं आणि त्या रंगाचं पूर्ण नाव त्याला पुन्हा एकदा ऐकवलं.

संध्याकाळी घर झाडून झालं. घुगऱ्या, रक्त आणि मेणाचे थर सुपात भरून बाहेर गेले. प्रेमराज मोडक्या दाराजवळ मनगट सांभाळत बसला होता. सुलक्षणाच्या गालाकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती, आणि तिनं त्याला ती दिलीही नाही. त्याचा हिशेब नंतर. ती हळद-तेलाची वाटी घेऊन आतल्या खोलीत ज्योतीजवळ बसली.

"ताई, पाठ दाखवा."

ज्योती नको नको म्हणाली. मग तिनं पोलक्याच्या गुंड्या सोडल्या. नळीचे वळ खांद्यापासून कमरेपर्यंत आडवेतिडवे होते, काही ठिकाणी खपली धरलेली. आणि त्या वळांवर, सगळ्या पाठभर, मुठीएवढे गोल डाग. त्यातले काही आजचे, काही मागच्या बारशाचे, काही त्याच्या मागच्या. सुलक्षणाला आपली मूठ ओळखू आली. तिच्या मधल्या बोटातली जाड अंगठी जिथं जिथं बसली होती, तिथं कातडी फुटलेली होती. दहा दिवस या पाठीवर ती हसत हसत हात चालवत होती. तिला वाटलं, हा हात मनगटापासून कापून टाकावा.

"मी सगळ्यांत जोरात मारत होते," ती म्हणाली. "ताई, तुम्ही एकदा तरी सांगायचं."

ज्योतीनं भिंतीकडे तोंड केलं. मग बोलली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या बोलण्यात सासरचा 'शे' नव्हता, लहानपणी बोलायची तसं सावद्याचं बोलली.

"तुम्ही बुक्क्या मारत होत्या ना वहिनी, तेव्हाच मले मोठ्यानं रडता यायचं. कोनी विचारत नोतं."

सुलक्षणानं अंगठी काढून खाली ठेवली आणि बोटं तेलात बुडवली.